जेवणानंतरचे आठ तास : मेटाबॉलिक सिंड्रोम असताना तेल-तूप किती, कोणतं आणि कशाबरोबर

"ताई, वर्ष झालं, मी तुपाला शिवलेलो नाही. मग हे ट्रायग्लिसराइड्स २३८ आले कुठून?"

साठी ओलांडलेले एक काका रिपोर्टची घडी उलगडून समोर बसले होते. शेजारी काकू, हातात आठवडाभराचं खाणं लिहून आणलेली वही. मी आहारसल्ल्याचं काम करते आणि हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तात फिरणारी चरबी. ती कुठून आली, याचं उत्तर वहीतच होतं. सकाळी चहाबरोबर दोन खाऱ्या. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा. दुपारी भात, रात्रीही भात. रात्रीचं जेवण दहाला आणि साडेदहाला आडवं. तूप खरोखरच नव्हतं. पण खारीचे पापुद्रे सुटतात ते पिठाच्या थरांत घातलेल्या स्निग्धामुळेच. आणि साखर-भात जास्त झाला की लिव्हर त्यातून स्वतःच चरबी बनवतं, हे काकांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या रिपोर्टात दिसत नव्हती. तो रिपोर्ट बारा तास उपाशी राहून काढलेला होता. आपण दिवसातले बारा तास उपाशी असतो का? सकाळी आठला नाश्ता आणि रात्री दहाला जेवण असेल, तर खऱ्या अर्थानं उपाशी असं शरीर पहाटेच्या दोन-तीन तासांपुरतंच असतं. बाकी सगळा वेळ कुठल्या ना कुठल्या जेवणाची चरबी रक्तात फिरत असते. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये खरी गडबड या तासांत होते, आणि आपल्या हातात असलेले उपायही इथेच लागू पडतात. म्हणून 'तूप बंद' या एका वाक्यावर थांबू नका. पुढची कामं क्रमानं करा.

आधी टेप घ्या

मेटाबॉलिक सिंड्रोम हा एक आजार नाही, एकत्र येणाऱ्या बिघाडांचा गट आहे. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन या अमेरिकी डॉक्टरांनी या गटाकडे लक्ष वेधलं आणि त्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. मुळाशी इन्सुलिनला शरीरानं दाद न देणं आहे, हे त्यांचं म्हणणं. आज वापरात असलेल्या निकषांत पाच गोष्टी बघतात आणि त्यांतल्या तीन जुळल्या की निदान होतं: कंबर आपल्याकडच्या पुरुषांत ९० सें.मी. किंवा जास्त, बायकांत ८० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. यांपैकी एखाद्या गोष्टीसाठी गोळी चालू असेल, तर ती गोष्ट जुळली असंच धरायचं.

कंबर म्हणजे पँटचा नंबर नव्हे. पँट पोटाच्या खाली बांधली जाते, त्यामुळे तो आकडा नेहमी दिलासा देणारा येतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक, दोन्ही बोटांनी चाचपा. त्यांच्या बरोबर मध्यावर उघड्या अंगावर टेप फिरवा, श्वास नेहमीसारखा सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढू नका.

"पण मी तर बारीकच आहे" हे वाक्य आपल्याकडे फार फसवं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. पण अंगातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच सांगत होता. आपल्या माणसांत हातपाय काटकुळे आणि पोटात चरबी, ही ठेवण फार आढळते. म्हणून वजनापेक्षा टेप महत्त्वाचा.

घास गिळल्यानंतर काय होतं

हा भाग थोडा लांब आहे, पण तो समजला की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

भात-पोळीतली साखर आतड्यातून सरळ रक्तात जाते आणि तासाभरात शिखर गाठते. तेल-तुपाचं तसं नाही. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून आतड्याच्या पेशी त्याचे सूक्ष्म गोळे बांधतात, त्यांना प्रथिनांचं आवरण देतात आणि लसिकेच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या नळ्यांच्या, वाटेनं सावकाश रक्तात सोडतात. या गोळ्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. जेवल्यानंतर तीन-चार तासांनी त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते आणि धडधाकट माणसात सहा ते आठ तासांत ती ओसरते.

हे डोळ्यांनी बघता येतं. लॅबमध्ये रक्ताची नळी फिरवून घेतली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर द्रव राहतो. उपाशीपोटीच्या नमुन्यात तो फिकट पिवळा, आरपार दिसणारा असतो. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेल्या माणसाचा तोच द्रव ताक ढवळून ठेवल्यासारखा पांढुरका दिसतो, नळीमागे धरलेलं अक्षर वाचता येत नाही. मी पहिल्यांदा अशी नळी पाहिली तेव्हा माझी चाळीस पानी माहिती पुस्तिका बाजूला पडली. आजही समजावताना मी तीच नळी डोळ्यांसमोर आणायला सांगते.

आता गाळप हंगामातला साखर कारखाना आठवा. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात, काट्यावर वजन होतं, गव्हाणीत ऊस पडतो, रिकामी ट्रॉली परत जाते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर असंच एक उतरवण्याचं ठिकाण असतं. लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम तिथे कायलोमायक्रॉनमधली चरबी उतरवून स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना देतं. जेवणानंतर वाढलेलं इन्सुलिन एकाच वेळी तीन हुकूम सोडतं. चरबीच्या पेशींना सांगतं, 'उतरवून घ्या'. त्याच पेशींना सांगतं, 'साठवलेली चरबी आता बाहेर सोडू नका'. आणि लिव्हरला सांगतं, 'तुझ्या ट्रॉल्या थोडा वेळ थांबव, आतड्याकडून माल येतोय'. कारण लिव्हरही आपली चरबी व्हीएलडीएल नावाच्या गोळ्यांत भरून त्याच काट्यावर पाठवत असतं.

मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये हे तिन्ही हुकूम कुणी ऐकत नाही. उतरवणं मंदावतं. साठवलेली चरबी गळतच राहते आणि लिव्हरकडे जाते. लिव्हर ती भरून नव्या ट्रॉल्या रवाना करतं. आतड्याकडचा आणि लिव्हरकडचा, दोन्ही माल एकाच काट्यापुढे रांगेत अडकतो. आठ तासांनी मोकळं व्हायला हवं ते रक्त दहा-बारा तासांनीही गढूळच असतं, आणि तोवर पुढचं जेवण येऊन ठेपलेलं असतं.

रांगेत अर्धवट रिकामे झालेले गोळे, म्हणजे अवशेष, आकारानं लहान आणि कोलेस्टेरॉलनं भरलेले असतात. ते धमनीच्या अस्तरात शिरून अडकतात. डोनाल्ड झिल्व्हरस्मिट या संशोधकांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की धमन्या कठीण होण्याची प्रक्रिया ही मोठ्या प्रमाणात जेवणानंतरच्या तासांत घडते. शिवाय रक्तात रेंगाळणारे हे गोळे आपली चरबी एचडीएल आणि एलडीएलच्या ('वाईट' कोलेस्टेरॉलच्या) कणांना देतात आणि त्यांच्याकडचं कोलेस्टेरॉल घेतात. मग एचडीएल लवकर झिजतं आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात. 'माझं एचडीएल पस्तीसच्या वर जातच नाही' असं म्हणणाऱ्यांचं मूळ बहुतेकदा इथे असतं.

साखरेवरही याचा परिणाम होतो. तळकट जेवणानंतर पोट उशिरा रिकामं होतं, म्हणून दोन तासांची साखर कधीकधी चांगली दिसते आणि चढ तीन-चार तासांनी येतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर हॉटेलातल्या पनीर-नानच्या जेवणानंतर एकदा दोन तासांनी आणि एकदा चार तासांनी तपासा. तेवढ्या एका संध्याकाळीनं बऱ्याच गोष्टी उलगडतात.

तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

आता प्रत्यक्ष काम. नवा पाच लिटरचा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करनं तारीख लिहा. बाकी काही बदलू नका. संपेल त्या दिवशी दुसरी तारीख लिहा.

चौघांचं घर आणि डबा महिनाभरात संपला, तर हिशेब असा: ५००० मि.लि. भागिले चार माणसं भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी रोज सुमारे ४२ मि.लि. चहाच्या चमच्यानं आठ चमच्यांहून जास्त. यात तूप, लोणी, शेंगदाणे, खोबरं, दुधावरची साय, बाहेरचं खाणं काहीच धरलेलं नाही. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या माणसाला मी दिवसाला चार चमचे तेल-तूप मिळून सांगते. म्हणजे महिन्याला माणशी सहाशे मि.लि. तोच डबा चौघांना दोन महिने पुरला पाहिजे.

"आमच्याकडे तळण होतच नाही हो" असं ऐकलं की मी एक साधं ताट मोजायला लावते. तीन पोळ्या, घडीत आणि वरून मिळून प्रत्येकी एक चमचा: तीन चमचे. भाजीच्या वाटणीला दोन. आमटीच्या फोडणीतला एक. भातावर तूप एक. सात चमचे झाले, म्हणजे बत्तीस ग्रॅमच्या आसपास स्निग्ध. बाजूला दोन चमचे शेंगदाण्याची चटणी. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, तिचे चार-पाच ग्रॅम धरा. ना वडा, ना भजी, ना पापड, आणि एका वेळचे छत्तीस-सदतीस ग्रॅम झाले.

हा आकडा का महत्त्वाचा? निरोगी माणसांना एका जेवणात ०, १५, ३०, ४० आणि ५० ग्रॅम स्निग्ध देऊन केलेल्या प्रयोगात १५ ग्रॅमपर्यंत रक्तातल्या ट्रायग्लिसराइड्समध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ३० च्या पुढे मात्र जेवढं जास्त तेवढा चढ जास्त. आणि ही निरोगी माणसं होती. म्हणून एकूण दिवसाइतकाच एका बैठकीचा हिशेब मोलाचा आहे. दिवसभर कोरडं खाऊन रात्री लग्नात साठ ग्रॅम तूप-तेल पोटात घालणं हे 'भरपाई' म्हणून चालत नाही. काटा एका वेळी ठरावीकच माल उतरवतो. एका जेवणात १५ ते २० ग्रॅमच्या आत राहण्याचा प्रयत्न करा.

करायचं कसं? पळीनं तेल घालणं थांबवा. डब्यातून सकाळीच दिवसाचं तेल एका वाटीत काढून ठेवा. वाटी संपली की संपली. फोडणीसाठी लोखंडी किंवा जाड बुडाची छोटी कढई वापरा. पसरट भांड्यात तेल पसरतं आणि हात आपोआप सैल सुटतो. पोळीच्या घडीत तेलाऐवजी पीठ भुरभुरवा. वांग्याची भाजी तेलावर परतण्याआधी वाफवून घ्या, कारण वांगं स्पंजासारखं तेल ओढतं. आणि ज्या दिवशी ज्वारी-बाजरीची भाकरी असते, त्या दिवशी पोळीचे तीन चमचे आपोआप वाचतात. हा सर्वांत सोपा बदल आहे, त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

मिसळ आवडत असेल तर खा, पण वाटी समोर आली की एक मिनिट थांबा. कट स्थिर झाला की वर लाल तेलाचा थर गोळा होतो. तो चमच्यानं हलकेच वेगळ्या वाटीत काढा. एकदा काढून बघा, किती निघतो ते. तिखटाची चव खालच्या रश्शात शिल्लक राहतेच. वरून फरसाण मूठभराऐवजी चिमूटभर आणि पावाऐवजी मटकी वाढवून घ्या.

कोणतं स्निग्ध

इथे दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतं तूप विष, दुसरं म्हणतं तूप अमृत, कितीही खा. दोन्ही ऐकू नका.

एका जेवणापुरतं पाहिलं तर तूप की तेल यापेक्षा 'किती' हाच प्रश्न मोठा आहे. पण आठवड्यामागून आठवडे काय खाता, त्यावर लिव्हरमध्ये किती चरबी साचते हे ठरतं, आणि भरलेलं लिव्हर जेवणानंतर जास्त ट्रॉल्या सोडतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या ३८ जणांना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जादा दिल्या. काहींना संपृक्त स्निग्धातून, काहींना असंपृक्तातून (जे बहुतेक पातळ तेलांत जास्त असतं), काहींना साखरेतून. लिव्हरमधली चरबी संपृक्तवाल्यांत ५५ टक्क्यांनी वाढली, साखरवाल्यांत ३३, असंपृक्तवाल्यांत १५. कॅलरी सारख्याच होत्या, शरीरानं केलेला व्यवहार वेगळा होता.

संपृक्त म्हणजे तूप, लोणी, साय, खोबरेल, पामतेल. तुपात साठ टक्क्यांहून जास्त, खोबरेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास, पामतेलात निम्मं. खोबरेलाचं 'ते थेट ऊर्जा होतं, साठत नाही' असं जे सांगितलं जातं, ते त्यातल्या अगदी लहान साखळीच्या आम्लांना लागू आहे. खोबरेलात सर्वांत जास्त असतं लॉरिक आम्ल, आणि त्यातलं पुष्कळसं कायलोमायक्रॉनच्याच वाटेनं जातं. कोकण-गोव्यातल्या माणसाला मी नारळ सोडायला सांगत नाही. ओल्या नारळात तिसरा हिस्सा स्निग्ध असतं, सुक्या खोबऱ्यात दोनतृतीयांश, एवढं ध्यानात ठेवून वाटण निम्मं करा आणि त्या कालवणाला वेगळं तेल घालू नका.

रोजच्या स्वयंपाकाला शेंगदाणा तेल आपल्याकडे उत्तम आहे, त्यात एकअसंपृक्त स्निग्ध भरपूर असतं. करडईच्या तेलात ओमेगा-६ हे दुसऱ्या प्रकारचं असंपृक्त स्निग्ध फार जास्त. मराठवाडा-सोलापूरकडे ते परंपरेनं वापरात आहे, ते टाकून देण्याची गरज नाही. महिनाआड शेंगदाणा, मोहरी, करडई आलटून पालटून आणा. तूप दिवसाला एक चमचा, गरम भातावर किंवा भाकरीवर, जिथे त्याची चव कळते तिथे. फोडणीत आणि पोळीवर दोन्हीकडे नको.

वनस्पती तूप आणि बेकरीचं स्निग्ध मात्र सोडाच. ट्रान्स फॅटवर आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण खारी, टोस्ट, क्रीमरोल, नानकटाई यांतलं स्निग्ध ट्रान्स नसलं तरी बहुधा पामचं असतं, आणि त्याच्याबरोबर मैदा-साखर येते. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. चकल्या तळून उरलेलं तेल गाळून फोडणीला दोन-तीन दिवसांत संपवा, त्यात पुन्हा पुऱ्या तळायच्या नाहीत.

आता मासे, कारण जेवणानंतरची चरबी उतरवण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्या स्निग्धाचा आहे. युरोपातल्या आठ देशांत 'लिपजीन' नावाचा अभ्यास झाला, खास मेटाबॉलिक सिंड्रोमच्या लोकांत. बारा आठवडे चार वेगवेगळे आहार दिले: संपृक्त स्निग्ध जास्त, एकअसंपृक्त जास्त, कमी स्निग्ध आणि जास्त पिष्ट, आणि चौथा म्हणजे तोच कमी स्निग्धाचा पण रोज सव्वा ग्रॅमच्या आसपास माशांतलं ओमेगा-३ दिलेला. नुसतं स्निग्ध कमी करून पिष्ट वाढवलेल्यांत जेवणानंतरचे ट्रायग्लिसराइड्स वाढले. ओमेगा-३ जोडलेल्यांत ती वाढ टळली. तूप बंद करून भात वाढवलेल्या आमच्या काकांची गोष्ट याहून वेगळी नाही.

बांगडा आणि तारली यांत हे ओमेगा-३ भरपूर, आणि ते स्वस्तही आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा कालवण करून किंवा तव्यावर थेंबभर तेलात. रव्यात घोळवून कढईत तळलेला बांगडा त्या हिशेबात धरू नका. शाकाहारी घरात जवस आहे. जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा, ताजी कुटलेली. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं, शरीर त्याचं माशातल्यासारखं रूपांतर फारच थोडं करतं. जवस चांगलं आहे, तरी बांगड्याची जागा घेत नाही. ओमेगा-३ च्या मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल मनानं सुरू करू नका. त्यानं काही जणांत हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. तो निर्णय डॉक्टरांचा.

स्निग्धाच्या जोडीला काय आहे

तूप-तेल एकटं क्वचितच पोटात जातं. पुरणपोळीत तुपाबरोबर गूळ आणि मैदा आहे. श्रीखंड-पुरीत चक्का, साखर आणि तळण. साबुदाण्याच्या खिचडीत जवळजवळ शुद्ध पिष्ट, भरपूर दाण्याचं कूट आणि तूप. 'उपास आहे, हलकं खाल्लं' असं म्हणून दिवसातून दोनदा खिचडी आणि वर बटाट्याचा चिवडा खाणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. साखर, विशेषतः तिच्यातलं फ्रुक्टोज, लिव्हरला चरबी बनवायला लावतं, त्याच वेळी आतड्याकडून तुपाचा माल आलेला असतो. दारूचंही तेच: दारू आणि तळलेला चखणा ही जोडी ट्रायग्लिसराइड्ससाठी सर्वांत वाईट.

म्हणून नियम एवढाच: ज्या जेवणात तेल-तूप जास्त, त्या जेवणात गोड नाही आणि भाताचा ढीग नाही. सणाला पुरणपोळी हवीच. मग एक, सावकाश, तुपाची धार नव्हे एक चमचा, आणि त्या ताटातून भजी-कुरडया वगळा. आधी कोशिंबीर, पालेभाजी, कटाची आमटी खा. उपासाला वरीचे तांदूळ मोजून, ताक, राजगिरा, काकडी, थोडी फळं.

दिवाळीच्या फराळाचा घोळ पदार्थांपेक्षा वेळांचा आहे. सकाळी सातला फराळ, अकराला शेजारी, दुपारी जेवण, चारला पाहुणे. आतड्याच्या पेशी आधीच्या जेवणातली काही चरबी राखून ठेवतात आणि पुढचा घास आला की ती अर्ध्या तासात रक्तात सोडतात. तीन-तीन तासांनी खात राहिलं तर लाटेवर लाट चढते, ओसरायला वेळच मिळत नाही. फराळ एकदाच करा, नाश्त्याच्या जागी, एका बशीत मावेल एवढा. दुसऱ्यांच्या घरी बिनसाखरेचा चहा घ्या, चकली हातात घेऊन अर्धी मोडा. कुणी रागावत नाही.

एरवीही दोन खाण्यांत चार-पाच तासांचं अंतर आणि रात्रीचं जेवण आठच्या आत. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर मात्र वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरू शकते.

संध्याकाळी चाला

सगळ्या सूचनांतली एकच पाळणार असाल, तर ही पाळा. चालणाऱ्या स्नायूंत चरबी उतरवणारं ते एन्झाइम वाढतं, आणि हा परिणाम लगेच नव्हे, काही तासांनी दिसायला लागून एक-दीड दिवस टिकतो. म्हणजे आज संध्याकाळी चाललात तर उद्या दुपारच्या जेवणाची चरबी लवकर उतरेल. उद्या लग्न आहे? मग आज संध्याकाळी पाऊण तास झपझप चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. लग्नानंतर तीन दिवस जास्त चालण्यापेक्षा याचा उपयोग अधिक.

हा परिणाम त्याहून जास्त टिकत नाही, म्हणून रविवारी दहा किलोमीटर आणि बाकी दिवस खुर्चीत, हे गणित जमत नाही. एक दिवसाआड तरी हवंच. शिवाय जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात, गच्चीवर, जिन्याखाली सावकाश फेऱ्या. शतपावलीचा फायदा मुख्यतः साखरेला होतो. गुडघे दुखत असतील तर खुर्चीतून उठणं-बसणं दहा-दहाच्या तीन फेऱ्या. छातीत दुखणं, चालताना दम लागणं असेल तर आधी तपासणी करून घ्या.

पुन्हा तपासणी, या वेळी दोन आकडे

बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. आधीच्या दोन दिवसांत लग्न, पार्टी, दारू नको. पण मुद्दाम उपास करून आकडा सुंदर करायचाही नाही. एक नमुना नेहमीसारखा उपाशीपोटी. आणि डॉक्टरांना विचारून दुसरा, आपलं रोजचं जेवण जेवल्यावर तीन ते चार तासांनी. जेवलेल्या अवस्थेतली लिपिड तपासणी हा अडाणीपणा नाही. २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या तपासणीला उपाशी राहण्याची गरज नाही असं सांगितलं आणि जेवलेल्या अवस्थेत ट्रायग्लिसराइड्स १७५ किंवा वर असतील तर ते जास्त धरावेत असं सुचवलं. ४०० च्या वर आले तर उपाशीपोटी पुन्हा करतात. ५०० च्या वर गेले तर आहारावर विसंबून राहू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. कोलेस्टेरॉलची चालू गोळी रिपोर्ट सुधारला म्हणून आपल्या मनानं थांबवायची नाही.

दोन्ही आकड्यांशेजारी त्या दिवशी काय जेवलात ते लिहा: किती पोळ्या, किती भात, तेलाचे किती चमचे, आदल्या संध्याकाळी चाललात की नाही. कंबरेचं माप त्याच ओळीत. काकूंनी आपल्या वहीचं शेवटचं पान यासाठी आखून घेतलं आणि घरी जाताना मला विचारलं, "डब्यावरची तारीख आजचीच टाकू का, डबा अर्धा झालाय?" मी म्हटलं, आजचीच टाका, आणि तेल कुठवर आहे तिथे एक रेघ मारा.